बुचांनी भरलेली जागा

१

शुक्रवारी सकाळी ‘लँटर्न’च्या दुसऱ्या पानाला भोक पडलेलं सापडलं.

कागदाच्या पानाला नव्हे. कागद अजून ओलसर करून दाबाखाली ठेवलेला होता, शाईसुद्धा ढवळायची होती. भोक पडलं होतं शिशाच्या पानाला. दगडी टेबलावर, लोखंडी चौकटीत, आदल्या दिवशी अक्षरांचा खिळा खिळा जुळवून निजवलेलं ते पान. आणि त्याच्या तिसऱ्या रकान्यात तळहाताएवढ्या जागेत अक्षरंच नव्हती. लेकराचा दात पडावा आणि हसताना ती जागा दिसावी, तशी दिसत होती.

हेस्टर पायबस टेबलाशी आली आणि हातातला चहाचा पेला हातातच राहिला. नवरा गेल्यापासून कैद्यांच्या वसाहतीतल्या होबार्ट टाऊनचं हे साप्ताहिक ती एकटी चालवत होती. गव्हर्नरसाहेबांच्या रागाला ती भ्यायली नव्हती, की भिंतीतून पाझरणाऱ्या हिवाळ्याला. पण बातमीच नाहीशी झालेली तिनं कधी पाहिली नव्हती.

“नेड,” तिनं हाक मारली, “हे काय रे?”

नेड क्रिमिन हातातली पाण्याची बादली खाली ठेवून आला. सरकारनं तिच्या पदरी घातलेला कैदी, आणि अख्ख्या वसाहतीत त्याच्यासारखा खिळे जुळवणारा नव्हता. पान बघून त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

“मालकीणबाई, बायबलवर हात ठेवून सांगतो, रात्री पान धड होतं.”

“काय होतं इथं?”

“केपच्या पेपरातल्या जहाजांच्या खबरा. तुम्हीच रकानाभर खूण करून दिल्या होत्या.”

दिल्या होत्या खऱ्या. बुधवारी वाटेवरच्या केप बंदराहून जहाज आलं, त्याच्याबरोबर पेपर आला. हेस्टरनं नेहमीप्रमाणे जहाजांचा रकाना अख्खाच्या अख्खा खुणावला. वाचलं नाही. वाचायचं ते प्रूफ निघाल्यावर, ही तिची पद्धत. आणि प्रूफ आज निघायचं होतं.

“मग पेपर आण. पुन्हा जुळव.”

बाहेरच्या खोलीत भिंतीच्या आकड्याला परदेशी पेपर टांगलेले असत. नेड केपचा पेपर घेऊन आला आणि दारातच थबकला. पेपर त्यानं उजेडासमोर धरला. जहाजांच्या रकान्यात एक चौकोनी खिडकी होती, कात्रीनं नीट कापलेली. त्या खिडकीतून हेस्टरला नेडचा घाबरा डोळा दिसला.

२

कॉन्स्टेबल स्ट्रट आला, मिशीतले पावाचे कण झटकत खुर्चीत बसला, आणि त्याचं कोडं तिथंच सुटलं.

“शिसं हो, बाई. शिसं वितळवायचं, खोटी नाणी पाडायची. यापायीच आला होता ना हा इकडं?”

“मी मेंढी चोरली होती,” नेड म्हणाला.

“आज मेंढी, उद्या शिसं. सवय कुठं जाते?”

“आणि पेपर कशाला कापेल तो?” हेस्टरनं विचारलं.

“किती शिसं गेलं ते कुणाला कळू नये म्हणून. छापखान्यातलाच माणूस हा. पानातनं बातमी काढायची आणि मूळ पेपरातनंही काढायची, हे बाहेरच्याला सुचेल का?” स्ट्रट स्वतःवर खूष झाला. “सूर्य मावळेपर्यंत शिसं टेबलावर दिसलं नाही, तर याला साखळीच्या टोळीत घालतो. रस्त्याचे दगड फोडील.”

नेड आपल्या बोटांकडे बघत राहिला. वसंतात त्याला मोकळीक मिळायची होती. त्या बोटांनी दगड फोडले, तर पुन्हा कधी खिळा उचलता येणार नव्हता.

स्ट्रट गेल्यावर हेस्टर पानावर वाकली. दिवा जवळ घेतला. आणि तेव्हा तिला दिसलं की भोक रिकामं नव्हतंच. त्यात बुचं भरली होती. बाटलीची साधी बुचं, अर्धी कापून, एकाला एक दाबून बसवलेली, आजूबाजूच्या ओळी कोसळू नयेत म्हणून. दोन बुचांची टोकं जळून काळी झाली होती.

“नेड, पानातली जागा भरायची असली तर तू काय घालतोस?”

“लाकडी पट्ट्या. टेबलाखालचा खणच भरलाय की.”

“तेच. छापखान्याच्या माणसाचा हात आपोआप त्या खणाकडे गेला असता. या माणसाला खण ठाऊक नाही. पण पान मोडलं तर तुझा दिवस वाया जाईल, हे मात्र ठाऊक आहे. चोरी करताना तुझी काळजी केलीय कुणीतरी.”

नेड बुचांकडे बघत राहिला.

“आठव. काय होतं त्या बातमीत?”

“मी वाचत नाही, बाई. अक्षरं बघतो. वाचायला लागलो की हात थांबतो.” त्यानं डोळे मिटले, बोटं हवेत हलवली, जणू ती बोटंच त्याला सांगणार होती. “ताप... जहाजावरचा ताप... केपचं इस्पितळ. पुढं नाही येत.”

“सकाळी कोण आलं होतं?”

“कुणी नाही. मी ओढ्यावर पाण्याला गेलो, अंगणाचं दार उघडंच होतं. म्हणजे, वेल्बीबाई आल्या असणार, माझ्यासाठी भाजलेला बटाटा ठेवलाय. पण त्या काय, दर शुक्रवारी येतात नाटकाची जाहिरात तपासायला.”

“आणि काल संध्याकाळी, बाहेरच्या खोलीत?”

“मिस्टर वेल्बी. ते दर गुरुवारी पेपर चाळतात, गाण्यासाठी. आणि ते बोटवाले ब्रॅग. तुम्ही होतात की तेव्हा.”

ब्रॅग! जहाजांचा एजंट. काल संध्याकाळी येऊन हातमोजे चुरगळत त्यानं विचारलं होतं, “जहाजांच्या खबरा या आठवड्यातच छापायच्या का, मिसेस पायबस?”

हेस्टरनं शाल ओढली.

३

टॉलिव्हर ब्रॅगच्या कचेरीतून धक्का दिसायचा. देवमाशाच्या तेलाची पिंपं, त्यांच्यावर बसलेले समुद्रपक्षी, आणि मागं बर्फाची टोपी घातलेला डोंगर. ब्रॅगनं तिला शेगडीजवळ बसवलं आणि स्वतः उभाच राहिला.

“मी चोरी केली असं म्हणायचंय तुम्हाला?”

“तुमच्या जहाजावर ताप आला, ही बातमी छापून यावी असं कुठल्या एजंटला वाटेल? उद्यापासून कोण बसेल तुमच्या बोटीत?”

“कोणी नाही बसणार,” ब्रॅग म्हणाला. “आणि तरी मी तुमच्याकडे आलो ते त्यासाठी नाही. मला दोन दिवस हवे होते, घरोघरी जाऊन सांगायला. पेपरात वाचून कळू नये माणसाला असलं काही.” तो खिडकीकडे वळला. “काल सकाळी एका घरी जाऊन आलो. दुसऱ्या दारापर्यंत गेलो, आणि परत फिरलो. दोनदा.”

“कुठलं जहाज, मिस्टर ब्रॅग?”

“‘मेरी थॉर्न’.”

शेगडीतलं लाकूड फुटलं. हेस्टरनं खुर्चीचा हात धरला.

‘मेरी थॉर्न’ची वाट होबार्टमध्ये कोण बघत नव्हतं? धक्क्यावरच्या त्या गोदामात, स्वॉन नाटकघरात, दर शनिवारी दोन खेळांच्या मधल्या वेळात बार्नबी वेल्बी पुढं यायचा. टकलावर दिव्याचा उजेड, हातात काठी, आणि गळ्यात ते गाणं. आठवड्याच्या बातम्यांवर चार कडवी, आणि शेवटचं नेहमी लेकीवर. तो आणि बायको डोर्कास नशीब काढायला इकडं आले तेव्हा लेक थर्झा चार वर्षांची होती, तिला आजीपाशी ठेवून आले होते. आता अठराची झाली होती. आजी वारली, आणि ती ‘मेरी थॉर्न’वरून निघाली होती आईबापाकडे. गाणं असं होतं:

कुठं गं रेंगाळलीस, लाटांच्या पाठी?
म्हातारा झालो मी, हातात काठी;
टकलाला वारा, झोंबतो पोरी,
टोपी विणून आण, बापाच्यासाठी!

शेवटची ओळ सगळं नाटकघर म्हणायचं. खलाशी, शिपाई, सुटलेले कैदी, गॅलरीतल्या नारळासारख्या डोक्यांची सगळी रांग. पाय आपटून म्हणायचे.

“दुसरं दार कुणाचं होतं?” हेस्टरनं विचारलं, उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

ब्रॅगनं हातमोजे टेबलावर ठेवले. “मिसेस पायबस, ती पोर केपच्या इस्पितळात गेली. टेकडीवर पुरलंय तिला, समुद्र दिसतो म्हणे तिथनं.”

४

स्वॉनमध्ये उद्याच्या खेळाची तालीम सुरू होती. वाकड्या शिडीवरून हेस्टर रंगमंचामागं चढली. तेलाच्या दिव्यांचा उग्र वास, ओल्या पडद्यांचा वास, आणि पलीकडून बार्नबीचा खणखणीत आवाज. फार्स होता, म्हातारा नवरा, म्हातारी बायको, आणि दोघांत एकच उबदार पांघरूण.

“सोड गं पांघरूण, म्हातारे! पाय गारठले माझे!”

“गारठतील नाहीतर काय! रात्रभर दुसऱ्यांच्या खिडकीखाली उभं राहायला लाज नाही वाटत?”

“उभा होतो, पण तुझंच नाव घेत होतो!”

“म्हणूनच कुत्रं चावलं!”

पडदे ओढणारे खलाशी खदखदले. हेस्टर अंधारात उभी राहून बघत होती. डोर्कास पांघरूण ओढत होती, बार्नबी पडत होता, उठत होता. आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काजळीनं काढलेल्या सुरकुत्या होत्या. बाजूच्या फळीवर त्यांचं रंगायचं सामान होतं: खडूची पूड, लाल रंग, आणि बुचांची एक पिशवी. दिव्यावर टोक जाळायचं आणि त्यानं सुरकुत्या काढायच्या. हेस्टरनं एक बूच उचललं. काळ्या टोकाचा डाग तिच्या बोटावर उमटला.

डोर्कास आत आली, धापा टाकत, हसत. हेस्टरच्या हातातलं बूच तिला दिसलं. हसू तसंच राहिलं, डोळे मात्र विझले.

“पान मोडलं नाही ना?” तिनं हळूच विचारलं.

“नाही मोडलं.”

“मला वाटलंच होतं बुचं पुरतील.” ती पेटीवर बसली. “हेस्टर, मी जाहिरात तपासायला आले. शेजारी ते पान निजलेलं. इतकी वर्षं येतेय, उलटी अक्षरं मला सुलट्यासारखी दिसतात. तिचं नाव उलटं होतं गं. उजवीकडनं डावीकडं. म्हटलं, हे अजून खरं नाही. अजून कुणाच्या कागदावर गेलं नाही. म्हणून उचललं.”

“डोर्कास...”

“बार्नबीला कळता कामा नये. उद्या एक दिवस तरी. तो त्या गाण्यावर जगतोय. सोमवारी मी सांगेन त्याला, माझ्या पद्धतीनं, हात धरून. पेपर वाचून नाही.” पोलक्यातून तिनं रुमालाची जड गाठ काढली, छातीशी धरून तिनं तालीम केली होती. “ओळी नीट निघाल्या नाहीत, सगळं विस्कटलं. नेडला राग येईल.”

“नेडला साखळीला बांधणार आहेत, डोर्कास. सूर्य मावळला की.”

डोर्कास ताडकन उठली. “का? त्यानं काय केलंय? मी येते. आत्ता येते. फक्त बार्नबीला...”

“नाही कळणार. पण एक सांग, पेपर का कापलास? तो तरी ठेवायचा.”

डोर्कासनं तिच्याकडे पाहिलं. काजळीच्या सुरकुत्यांआडून खऱ्या सुरकुत्या वर आल्या.

“कसला पेपर?” ती म्हणाली.

५

हेस्टर शिडीच्या पायरीवर बसून राहिली. विचारांची लड उलगडत गेली.

कुठलीही बातमी जुळवून झाली की नेड मूळ पेपरात तिच्यावरून पेन्सिलची एक रेघ मारतो. म्हणजे तीच बातमी चुकून दोनदा जुळवली जात नाही. केपच्या पेपरात त्या खिडकीच्या वर रेघेचं शेपूट होतं, खालीही होतं. मधली रेघ बातमीबरोबर कापली गेली होती. म्हणजे कापणाऱ्यासमोर ती रेघ होती, आणि तिचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. बातमी आतल्या खोलीत शिशात उतरलेली आहे, हे त्याला कळलंच नाही. पेपर कापला की बातमी संपली, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. आणि डोर्कासला वाटलं, शिसं उचललं की बातमी संपली. तिला पेपराची आठवण नव्हती. एका माणसानं दोन्ही केलं असतं तर तो छापखान्याचाच असता, स्ट्रट बरोबर म्हणाला होता. पण माणसं दोन होती. एकाला बाहेरची खोली ठाऊक, एकीला आतली. दोघांनी अर्धी अर्धी चोरी केली होती.

गुरुवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत कोण बसलं होतं? आणि निघताना जाहिरातीबद्दल, “लेकीचं कडवं नको या खेपेला, घसा बसलाय,” असं कोण म्हणालं होतं? घसा तर आताही घंटेसारखा वाजत होता.

बार्नबी मागच्या दाराशी एकटाच उभा होता, पाण्याकडे तोंड करून. पाठमोरा तो कुणीतरी वेगळाच दिसत होता. इतका लहान माणूस एवढं मोठं नाटकघर कसं भरून टाकतो, असं वाटावं.

“बार्नबी.”

“अरे, लँटर्नबाई! उद्या फुकट पास मागायला आलात? संपादकांना आम्ही खांबामागं बसवतो, म्हणजे टीका कमी होते.”

“कात्री कुणाची होती, बार्नबी?”

तो हसायला गेला. मग खिशातून त्यानं जुनं पाकीट काढलं, त्यातला चौकोनी तुकडा दाखवला, आणि लगेच मिटला, कुणी बघेल म्हणून.

“मी गाण्यासाठी काहीतरी गमतीचं शोधत होतो,” तो म्हणाला. “गव्हर्नराचा घोडा, नाहीतर कुणाचा तरी विग. आणि मधेच हे. वाचलं, तरी पुढचीही खबर वाचत गेलो, बाई. लोकरीचा भाव वाचला. मग मागं आलो.” टकलावरून हात फिरवला त्यानं. “डोर्कास दर बोटीला धक्क्यावर जाते. नव्या गाऊनचं कापड घेऊन ठेवलंय पोरीसाठी. उद्याचा खेळ तरी हसत होऊ दे तिचा. मग मी सांगेन. तुम्ही नका सांगू. हात जोडतो.”

“पण नेडला धरलंय, चोरीबद्दल.”

“नेडला! माझ्यापायी?” त्यानं काठी उचलली. “चला. मी सांगतो कॉन्स्टेबलला. फक्त म्हातारीला कळू देऊ नका.”

हेस्टरनं त्याच्या दंडाला धरलं. “आत्ता नको. तालीम संपली की या. मी त्याला थांबवते.”

एक आधी, एक मागून. डोर्कास येईल, शिसं देईल, नेड सुटेल. मग बार्नबी यायच्या आत ती निघून गेलेली असेल. एवढं नीट बसवलं, की दोघांनाही आपापलं खोटं आणखी एक दिवस जपता येईल. जन्मभर दुसऱ्यांचे मजकूर नीट बसवणाऱ्या हेस्टरला वाटलं, एवढं आपल्याला जमेल.

६

उन्हं डोंगराला टेकली तेव्हा स्ट्रट छापखान्यात बेड्या घेऊन बसला होता. नेड भिंतीशी उभा. डोर्कास आली, डोक्यावरून शाल, तोंड नीट धुतलेलं, तरी भुवईपाशी काजळी राहिलीच होती. तिनं दगडी टेबलावर रुमालाची गाठ सोडली. छोटे छोटे खिळे खळखळत पसरले, पावसात गारा पडाव्यात तसे.

“हे घ्या शिसं,” ती म्हणाली. “मी नेलं होतं.”

स्ट्रटनं मिशी कुरवाळली. “तुम्ही? वेल्बीबाई, चेष्टा करताय का? कशाला?”

“तो माझा प्रश्न आहे.”

“आणि पेपर? तोही तुम्हीच कापलात?”

हेस्टर मधे पडायला गेली. तेवढ्यात अंगणाच्या दारातून वारा आला, आणि वाऱ्याबरोबर काठीचा ठोका.

“पेपर मी कापला!” बार्नबी दारातूनच म्हणाला, तालीम संपायची वाट बघणं त्याला जमलं नव्हतं. “सोडा त्या पोराला. हा बघा तुकडा, हा बघा चोर...”

आणि मग त्याला डोर्कास दिसली.

तिच्या पुढ्यात पसरलेली अक्षरं दिसली. तिला त्याच्या हातातला कागद दिसला.

स्ट्रट एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं एकमेकांसमोर नाटक करत आलेली दोन माणसं; एकमेकांच्या तोंडावरचं खोटं त्यांना ओळखू येऊ नये? आज सकाळपासून, त्या एका पांघरुणासाठी भांडताना, त्यांना ते ओळखू आलं नव्हतं. इतकं चांगलं काम त्यांनी कधीच केलं नसेल.

“तुला कधीपासून?” डोर्कासनं विचारलं.

“काल संध्याकाळपासून.” त्याचा आवाज चिमुकला झाला. “आणि तुला?”

“आज सकाळपासून.”

“तू हसलीस गं. कुत्रं चावलं म्हणताना किती हसलीस.”

“तूच पडलास असा, हसू नको तर काय करू?”

काठी खाली पडली. तो तिच्यापर्यंत पोचला, आणि त्याचं टक्कल तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, वारा लागू नये असं.

स्ट्रट उठला. टोपी काढली, बेड्या टोपीत लपवल्या. काय झालं ते त्याला पुरतं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं की इथं त्याचं काम नाही. “खोटी नाणी नाहीत ना, मग झालं,” असं काहीतरी पुटपुटत तो अंगणातून गेला.

बऱ्याच वेळानं डोर्कासनं डोळे पुसले. “हेस्टर, आज छापायचंय ना तुला?”

“नाही छापणार. तेवढी जागा मोकळी सोडीन. नाहीतर बुचांसकट छापीन, मला पर्वा नाही.”

“छाप,” बार्नबी म्हणाला. “त्या जहाजावर आणखीही पोरं होती. त्यांच्याही आया धक्क्यावर जातात.”

मग नेड पुढं आला. त्यानं एकेक बूच काढलं आणि डोर्कासच्या हातात दिलं. कापलेला तुकडा त्यानं समोर टेकवून ठेवला, बापानं आणलेला. आणि आईनं आणलेल्या त्या राशीतून एकेक खिळा उचलून जुळवू लागला. पहिल्यांदाच तो नुसतं बघत नव्हता, वाचत होता. एका ओळीपाशी त्याचा हात थांबला.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “हे मी काल जुळवलं होतं. ‘वेल्बी’. दर आठवड्याला नाटकाच्या जाहिरातीत हे नाव जुळवतो मी. इतक्या वेळा की हाताला काही वेगळं वाटलंच नाही. आपसूक गेलं हातातनं.” तो हातातल्या खिळ्याकडे बघत राहिला. “हात जरा तरी थांबायला हवा होता.”

“थांबला असता तर काय बदललं असतं, पोरा?” बार्नबी म्हणाला. “जुळव. तुझ्याएवढं सुबक कुणी जुळवत नाही.”

जागा भरली. नेडनं पाचरी ठोकल्या, हलक्या हातानं. बार्नबी पानावर वाकला. त्याच्यासाठी ती नुसती राखाडी रांग होती, किड्यामुंग्यांच्या पावलांसारखी.

“मला येत नाही उलटं वाचता,” तो म्हणाला. “कुठं आहे ती?”

डोर्कासनं त्याचं बोट धरलं. उजवीकडून डावीकडे, एकेका अक्षरावरून, थंड शिशावरून हळूहळू नेलं.

“इथं. इथनं सुरू होते. थ... र्झा...”

नेडनं शाई लावायचा कातडी गोळा उचलला. छापयंत्राचा दांडा हेस्टरच्या हाताशीच होता. बाहेर डोंगरावरचं शेवटचं ऊन विझत होतं, धक्क्यावर कुणी खलाशी ओळखीच्या चालीवर शीळ घालत चालला होता, आणि चालीतल्या शेवटच्या ओळीशी त्याला आणखी कुणीतरी साथ दिली.

हेस्टरनं नेडचा हात धरला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “अजून थोडा वेळ उलटंच राहू दे.”